घरी कोण असतं

पक्षीवाल्या बाईंनी पिंजऱ्याच्या दारातून कोपरापर्यंत हात आत घातला आणि बोट आडवं धरून तो तसाच, न हलवता, ठेवला. आतल्या वीस-बावीस पाखरांनी एकच कल्ला केला आणि सगळी पलीकडच्या जाळीला जाऊन चिकटली. एक तेवढं जागचं हललं नाही. हिरवं, मूठभर, डोक्यावर बारीक काळ्या रेघा. त्यानं मान तिरकी करून बोटाकडे पाहिलं, दांडीवरून दोन पावलं सरकलं आणि बोटावर येऊन बसलं.

"हा बघा," बाई म्हणाल्या. "हा माणसातला."

पोस्टमननं नकळत आपलंही बोट तसंच आडवं धरलं होतं. कोणी पाहिलं की काय, असं वाटून त्यानं ते खिशात घातलं.

गेले दोन महिने त्याच्या मनात होतं ते हेच. मुलगी शिकायला म्हणून वसतिगृहात गेली आणि संध्याकाळी कुलपात किल्ली फिरवताना त्याला घर खायला उठायला लागलं. जेवताना तो दोनतीनदा म्हणालाही होता, की घरात शिरलं तर काही चाहूल म्हणून नाही. बायको म्हणाली, मग पाखरू आणा एखादं, ते तरी तुमच्याशी बोलेल. बायको इस्पितळात चादरी-पांघरुणांच्या खोलीचं काम बघायची, आणि तिथल्या कोणाच्या तरी घरी असा एक छोटा पोपट होता, तो मालक आला की शीळ घालायचा. ठरलं. त्याची थोरली बहीण, ताई, त्यांच्याकडेच राहायची; ती तेव्हा काही बोलली नव्हती. पण दुसऱ्या दिवशी तिनं ट्रंकेतून जुन्या पडद्याचं निळं कापड काढलं आणि पिंजऱ्यावर संध्याकाळी घालायला अभ्रा शिवायला घेतला.

ती आताही त्याच्याबरोबर आली होती. दुकानाच्या दुसऱ्या भिंतीशी उभी राहून, पिशवीतला अभ्रा काढून, एका रिकाम्या पिंजऱ्याला तो बसतो का हे बघत होती. अभ्र्याला एका बाजूनं बारा काजं होती, सगळी हातानं केलेली. गल्लीच्या तोंडाशी बसणारा शिंपी सदरे शिवायचा आणि त्यांची काजं-बटणं करायला ताईकडे पाठवायचा. सव्वीस वर्षं ती घरच्या खिडकीशी खुर्ची टाकून तेच करत होती. शिंपी गमतीनं म्हणायचा, की माझे सदरे ताईंच्या काजांवर उभे आहेत, कापड नुसतं नावाला.

बाईंनी हिरव्याला परत दांडीवर सोडलं, हात पुसले आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. याची कल्पना त्याला होती. टपाल कचेरीतल्या एकानं सांगितलंच होतं, की त्या बाई पक्षी विकत नाहीत, स्थळं बघतात.

मांजर आहे का? नाही. शेजाऱ्यांचं? तेही नाही. पिंजरा कुठं ठेवणार? पुढच्या खोलीत, खिडकीशी. स्वयंपाकघराचा धूर तिथवर येतो का? दार लावलं की येत नाही. छताचा पंखा? पाखरू बाहेर काढलं की बंद ठेवू. एकेक उत्तराला बाई मान हलवत होत्या आणि त्याला हुशार पोरासारखं वाटत होतं. नाहीतर अनोळखी माणसासमोर त्याची जीभ टाळूला चिकटायची. पण इथं सगळे प्रश्न येणारे निघाले.

"आणि दिवसभर घरी कोण असतं?"

हा तर त्याचाच प्रश्न. तीस वर्षं रजिस्टर पत्रं आणि पार्सलं वाटताना त्यानं दारोदार हाच विचारला होता. त्याच्या भागात कुठल्या घरी दिवसा कोण सापडतं हे त्याला तोंडपाठ होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना ऐकू येत नाही, त्यांच्याकडे बेल दाबून धरायची. कोपऱ्यावरची नर्स रात्रपाळीहून येऊन झोपते, तिला दोन वाजेपर्यंत उठवायचं नाही.

"कोणी नसतं," तो म्हणाला. "मी सातला निघतो, बायको आठला. मुलगी आता बाहेरगावी. संध्याकाळी साडेपाचपर्यंत घर बंदच."

पलीकडे कापडाची सळसळ चालली होती, ती थांबली.

ती थांबली तेव्हा त्याला कळलं. एकदम नाही; जिना उतरताना एक पायरी कमी निघावी आणि पाय टेकल्यावर अंगातून झिणझिण्या जाव्यात, तसं. त्यानं मान वळवली नाही. समोरच्या जाळीत एक पीस अडकलं होतं, त्याच्याकडे तो बघत राहिला.

मुद्दाम का कोणी असं बोलतं? त्यांच्या घरात बोलायची तीच रीत होती, इतकंच. बायकोचा कामावरून फोन आला, की ती विचारायची, घरी कोणी नाही का? आणि तो म्हणायचा, कोणी नाही, ताई आहे. मुलगी लहान असताना शाळेतून येऊन दारातून ओरडायची, आई-बाबा, कोणी नाही का घरात? आणि मग ताईच्या हातचं खायला बसायची. कोणाला कधी त्यात वावगं वाटलं नाही. पण तेव्हा "ताई आहे" हे शब्द पाठोपाठ यायचे. आज ते आले नव्हते.

"मग हा नाही देता यायचा," बाई म्हणाल्या. त्यांनी हिरव्याच्या पिंजऱ्याची कडी लावली. "एकटं पाखरू आठ-दहा तास बंद घरात ठेवलं, तर वेडं होतं. स्वतःचीच पिसं उपटायला लागतं. असली परत आणून दिलेली पाखरं आहेत माझ्याकडे मागच्या खोलीत. त्याला माणूस लागतं. त्याच्याशी बोलायलाच हवं असं नाही. नुसतं आपलं काम करत खोलीत बसलेलं असलं तरी पुरतं त्याला. तसं कोणीच नाही म्हणता ना?"

आता एक शब्द बोलला असता तरी भागत होतं. तो शब्द त्याच्या तोंडाशी आलाही. पण मग बाई विचारणार, अहो, मग मघाशी काय सांगितलंत? आणि ताई ते ऐकणार. चुकीच्या पत्त्यावर लाल शाईची काट मारून बाजूला बरोबर पत्ता लिहावा, तशी ती त्याच्या उत्तरात दुरुस्त होऊन बसणार.

"म्हणजे, तसं कोणी नसतं," तो म्हणाला.

त्या "तसं"नं मेल्याहून मेल्यासारखं झालं. पहिलं तरी अनवधानानं गेलं होतं.

बाईंनी पलीकडे पाहिलं. "आणि या?"

"मी बहीण," ताई म्हणाली. "पिंजऱ्याचं माप घ्यायला आलेय."

खोटं त्यात काही नव्हतं. तिनं अभ्र्याची घडी घातली, पुन्हा एकदा मोडून नीट घातली, आणि जवळ येऊन उभी राहिली. तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात पितळी अंगुस्तान तसंच होतं. सुई टोचू नये म्हणून घालायचं ते टोपण काढायला ती घाईत विसरली असावी. त्यानं सकाळी दोनदा "चल, चल" केलं होतं.

बाई म्हणाल्या, की मग जोडी न्या. घर बंद असलं तरी दोघं एकमेकांत रमतात. पण एक आधीच सांगते, जोडी झाली की ती एकमेकांची होते. बोटावर येतील, तुम्ही दारात आलात म्हणून शीळ घालतील, असलं काही मनात ठेवू नका. माणूस त्यांना मग दाणापाण्यापुरता.

त्याला जोडी नको होती. त्याला तो हिरवा हवा होता. तो हवा तर काय बोलावं लागेल हे त्याला ठाऊक होतं, आणि ते ताईलाही ठाऊक होतं. ती पाखरांकडे बघत होती. तो तिच्या पिशवीच्या बंदाकडे बघत होता.

"जोडीच द्या," ताई म्हणाली. "घरी कोणी नाही, तर एकट्याला कशाला ठेवायचं बिचाऱ्याला."

तिच्या आवाजात टोमणा असता, तर त्यानं तो सोसला असता. लहानपणापासून तिचे टोमणे त्यानं जेवणातल्या मिठासारखे खाल्ले होते. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि ती एकोणीसची. तेव्हापासून त्याच्या नाकातला शेंबूड, त्याची पाढ्यांची भीती, त्याचं बुजरेपण, कशावर ती बोलली नव्हती? पण आता तिचा आवाज नुसता व्यवहाराचा होता. शिंप्याला ती "उद्या दुपारी न्या" म्हणायची, तसा.

मग तिनंच निवडलं. घाई केली नाही. कोण कोणाला दाण्यावरून ढकलतं, कोण एकमेकांची मान खाजवतं, हे तिनं निगुतीनं पाहिलं आणि एक राखाडी-निळा आणि एक शेपटीचं पीस वाकडं असलेला पिवळा, असे दोन दाखवले.

"दोन्ही नर आहेत," बाई म्हणाल्या. "नाकावर निळं दिसतंय ना, त्यावरून कळतं. एकाच घरट्यातले. भांडायचे नाहीत."

"एका घरट्यातले का," ताई म्हणाली. "मग नीट राहतील."

निघताना त्यानं मागं वळून पाहिलं. हिरवा दांडीच्या टोकाला येऊन बसला होता.

बसमध्ये पिंजरा त्याच्या मांडीवर होता. दोघांसाठी म्हणून बाईंनी मोठा पिंजरा घ्यायला लावला होता. ताईनं वरून अभ्रा घालून पाहिला. तो खाली चार बोटं कमी पडत होता आणि बारापैकी एकही काज बटणापर्यंत पोचत नव्हतं.

"पिंजरा मोठा निघाला," ती म्हणाली. "जोड देईन पट्टीचा."

"ताई, मघाशी मी..."

"सरळ धर. पाणी सांडतंय."

त्यानं पिंजरा सरळ धरला. घर येईपर्यंत तो सरळ धरण्याखेरीज त्याच्या हातून काही झालं नाही.

एक आणायला गेलात नि दोन कसे, असं बायकोनं विचारलं. एकटं राहत नाही म्हणे ते, एवढंच ताईनं सांगितलं. बायको हसून म्हणाली, चला, म्हणजे दिवसा घरात आता आपल्यापेक्षा त्यांचीच वस्ती जास्त. तो हसला नाही. बायकोला सांगावं असं त्याच्या मनात येऊन गेलं, पण सांगायचं म्हणजे तेच वाक्य पुन्हा उच्चारायचं.

बाई म्हणाल्या तशीच ती जोडी निघाली. दिवसभर दोघं एकमेकांना खेटून बसत, गाल फुगवून काहीतरी सांगत. तो संध्याकाळी दार उघडून आत आला, की क्षणभर गप्प होत, त्याला बघून घेत आणि परत आपल्या कामाला लागत. पहिले काही दिवस त्यानं जाळीतून बोट घातलं. मग सोडून दिलं.

दुसरी गोष्ट घडली ती त्याच्या लक्षात यायला आठवडा गेला. खिडकीपाशी आता ताईची खुर्ची नव्हती. पाखरांना धाग्यांची कसपटं बाधतात, म्हणून ती खुर्ची घेऊन मागच्या खोलीत गेली होती. तिथं उजेड कमी होता, त्यामुळं दिवसाही दिवा लावून बसायची. आतापर्यंत तो किल्ली फिरवून आत यायचा, तेव्हा खिडकीच्या फळीवर अंगुस्तान ठेवल्याचा "टक्" असा आवाज यायचा आणि मग "आलास?" असं कोणीतरी म्हणायचं. सव्वीस वर्षं. चाहूल म्हणून नाही, असं तो ज्या घराबद्दल म्हणत होता, त्या घरात. आता पुढच्या खोलीत खरोखरच कोणी नसे. मागं ती असे. चहा आणून देई, दोन शब्द बोले, हसेसुद्धा. रागावलेल्या माणसाची समजूत घालता येते. तिच्यात रागाचं काही सापडतच नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात, दुपारी वाटप संपवून तो कचेरीत आला, तेव्हा त्याच्या गल्लीचं टपाल वाटणारा त्याची वाटच बघत बसला होता. नियमांवरून सगळ्यांशी वाद घालायचा म्हणून याला सगळे वकील म्हणत.

"तुझ्या घरचं रजिस्टर परत आणलंय," वकील म्हणाला. "काल गेलो, आज गेलो. बेल वाजवून बोट दुखलं. आत पाखरं नुसता दंगा घालतायत, माणूस कोणी नाही. ताई गावाला गेल्यात का?"

"नाही."

"मग? एरवी पहिल्या बेलला उघडतात. पाणी विचारतात. तब्येत बरी आहे ना?"

बरी आहे, तो म्हणाला. सकाळी डबा तिनंच भरून दिला होता. वकिलानं पाकीट पुढं सरकवलं. मुलीचं अक्षर त्यानं ओळखलं. वसतिगृहातून तिनं पाठवलं होतं, आणि पत्त्याच्या पहिल्या ओळीत ताईचं नाव होतं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. खाली "आत्या" असं कंसात. ते पूर्ण नाव लिहिलेलं त्यानं किती वर्षांत पाहिलं नव्हतं, हे त्याला आठवेना. त्याच्या तीस वर्षांच्या नोकरीत त्या नावाचं एकही पत्र त्याच्या नजरेस पडलं नव्हतं.

त्यानं पाकीट उलटं केलं. मागं वकिलाच्या बारीक अक्षरात शेरा होता. घरी कोणी नाही. खाली तारीख, सही. त्याखाली पुन्हा, घरी कोणी नाही. तारीख, सही.

असला शेरा त्यानं स्वतः हजारो पाकिटांवर मारला असेल. जिन्यात उभं राहून, पाकीट भिंतीला टेकवून. मारताना कधी हात अडखळला नव्हता.

"सही कर नि घेऊन जा," वकील म्हणाला. "घरचंच आहे."

"ज्याचं नाव, त्याची सही."

"अरे वा. मला नियम शिकवतोस?"

वकिलानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पोचपावतीचा कागद पाकिटाला टाचून दिला.

तीन वाजता, गणवेशातच, तो आपला जिना चढला. पाखरांचा आवाज दुसऱ्या मजल्यापासून यायला लागला. दाराशी आल्यावर सवयीनं किल्ली हातात आली. ती त्यानं परत खिशात टाकली आणि बेल वाजवली.

पाखरं गप्प झाली. आतून कोणी आलं नाही.

त्यानं पुन्हा वाजवली. वरच्या मजल्यावरच्या बाई भाजीची पिशवी घेऊन खाली उतरत होत्या. स्वतःच्याच दाराशी बेल वाजवणाऱ्या पोस्टमनला बघून त्या दोन पायऱ्या वर थांबल्या. किल्ली हरवली का, त्यांनी विचारलं. नाही, तो म्हणाला.

आत पावलं वाजली. दारापर्यंत आली आणि थांबली.

"कोण आहे?"

"रजिस्टर आहे," तो म्हणाला. "सही लागेल."

त्याचा आवाज तिनं ओळखला नसेल, असं होणं शक्य नव्हतं. हा आवाज फुटताना तिनं ऐकला होता. तरी ती दुकानातल्यासारख्याच सरळ आवाजात म्हणाली,

"दिवसा इथं कोणी नसतं."

वरच्या बाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली, पण त्या हलल्या नाहीत. त्यानं पाकीट दोन्ही हातांत धरलं. अंगठ्याखाली शेरा होता.

"असतं," तो म्हणाला. "माझी बहीण असते."

"ऐकू येत नाही. जरा मोठ्यानं बोला."

ही "बोला" म्हणणारी ताई त्याला पाढे म्हणायला लावणारी होती. तेव्हाही ती अशीच, ऐकू आलेलं असताना, ऐकू येत नाही म्हणायची. आणि तो मान खाली घालून, शेजारपाजारच्या पोरांसमोर, पहिल्यापासून पुन्हा म्हणायचा. त्यानं जिन्यातल्या बाईंकडे पाहिलं, मग दाराकडे.

"माझी बहीण असते घरी," तो म्हणाला. आवाज जिन्यातून खालपर्यंत गेला. "दिवसभर असते. मी चुकीचं सांगितलं होतं."

खाली कुठंतरी एक दार उघडलं. तो उभा राहिला, टोपी काखेत, पाकीट पुढं धरून, पाय जुळवून, परक्याच्या दारात उभं राहावं तसा.

आत, खिडकीच्या फळीवर, टक् असा आवाज झाला.